ट्रेवरची नावं

ऑपरेशन थिएटरमध्ये नवी सिस्टर आली की तिला सगळ्यात आधी डी. अँड सी.चा, म्हणजे गर्भाशयाची पिशवी खरवडायच्या ऑपरेशनचा, ट्रे लावायला शिकवतात. हिरवं कापड अंथरायचं आणि डॉक्टर ज्या क्रमाने मागणार त्याच क्रमाने हत्यारं मांडायची. सिम्सचं स्पेक्युलम, पिशवीचं तोंड धरायचा व्हल्सेलम, पिशवीची खोली मोजायचा साउंड, हेगरचे डायलेटर, क्युरेट, पॉलिप फोर्सेप्स, स्वॅब, शेवटी फॉर्मॅलिनची बाटली. पुढची सगळी वर्षं कानावर हीच नावं पडत राहतात. ‘सिम्स द्या.’ ‘हेगर सहा-सात.’ नोकरीत असताना ही माणसं कोण होती हे विचारायला उसंत मिळत नाही. निवृत्त झाल्यावर मी ते वाचायला घेतलं आणि वाचतच राहिले. त्या ट्रेवरची जवळजवळ प्रत्येक वस्तू एकाच अडचणीतून जन्माला आली आहे: बाईच्या पोटात रक्त कुठून येतंय ते दिसत नाही. आणि ज्या एका बारीकशा गोष्टीने डॉक्टरांना शतकानुशतकं हैराण केलं, ती म्हणजे पॉलिप.

पॉलिप म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा, नाहीतर गर्भाशयाच्या तोंडातल्या अस्तराचा एकाच जागी वाढलेला मऊ कोंब. कधी तो देठावर लोंबतो, कधी रुंद बुडाने भिंतीला धरून बसतो. आकार काही मिलिमीटरपासून काही सेंटिमीटरपर्यंत. कित्येकींना तो असल्याचा पत्ताही लागत नाही. ज्यांना त्रास होतो त्यांना दोन पाळ्यांच्या मधे डाग पडतात, पाळी जास्त जाते, संबंधानंतर लाल दिसतं, कुणाला दिवस राहत नाहीत. पाळी कायमची गेल्यावर वर्षा-दोन वर्षांनी परत रक्त दिसलं तर त्यामागेही पुष्कळदा हाच असतो. बहुतेक पॉलिप साधे निघतात. कर्करोगाचे थोडे. पण पाळी गेल्यानंतर रक्त दिसलेल्या बाईत ती शक्यता जास्त, म्हणून काढलेला प्रत्येक पॉलिप तपासणीला गेलाच पाहिजे. ट्रेच्या टोकाला फॉर्मॅलिनची बाटली असते ती त्यासाठी.

आमच्याकडच्या बायका असलं दुखणं अंगावर काढतात. त्यात जिच्या घरी शिवाशिव असेल तिचे हाल दुप्पट. पाळीचे चार दिवस बाजूला बसायचं, न्हाऊन घरात यायचं, आणि आठवड्याभरात डाग दिसला की पुन्हा बाजूला. अशी एक बाई ओपीडीत आली होती. सासू बरोबर होती, म्हणून ही काही बोलेना. सासूला औषधाच्या खिडकीवर पाठवलं तेव्हा म्हणाली, ‘सिस्टर, अर्धा महिना मी पडवीतच असते. पोरं पण आता जवळ येत नाहीत.’ डॉक्टर मॅडमनी स्पेक्युलम लावलं. पिशवीच्या तोंडातून डाळिंबाच्या दाण्यासारखा लालबुंद कोंब बाहेर डोकावत होता. मी स्पंज होल्डर हातात दिला. मॅडमनी देठाजवळ धरलं आणि एकाच दिशेने सावकाश पीळ देत गेल्या. चार-सहा वेढ्यांत देठ सुटला. थोडं रक्त आलं, त्यावर स्वॅब दाबून धरला, थांबलं. भुलीची गरज पडली नाही. बाई टेबलावरून उतरून पातळ सारखं करायला लागली तोवर माझं बाटलीवर तिचं नाव लिहून झालं होतं. पुढे तपासणीत साधाच पॉलिप निघाला.

एवढंसं काम. पण ते एवढंसं होण्याआधी काय काय होऊन गेलं, ते सांगायला हवं.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अर्शाचा, म्हणजे मूळव्याधीचा अध्याय आहे. तिथे सुश्रुत म्हणतो की असे अंकुर गुदाखेरीज दुसऱ्या जागीही येतात: नाकात, कानात आणि योनीतही. योनीतल्या अंकुरांचं त्याने केलेलं वर्णन मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थबकले. मऊ, बुळबुळीत, दुर्गंधी, रक्त गाळणारे आणि छत्रीच्या आकाराचे. बाईच्या आर्तवाचा नाश करणारे. खाली बारीक देठ, वर फुगलेलं डोकं. हे ज्याने लिहिलं त्याने ते डोळ्यांनी पाहिलं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पुढे वाग्भटाने अष्टांगहृदयात योनीतला व्रण पाहायचं यंत्र सांगितलं आहे. सोळा अंगुळं लांब, आतून पोकळ, चार पाकळ्यांचं, तोंड कमळाच्या कळीसारखं मिटलेलं. बुडाशी दाब दिला की चार सळ्या पुढचं तोंड उघडतात. ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरातही काशाचं स्पेक्युलम सापडलं, आता ते नेपल्सच्या संग्रहालयात आहे. ते स्क्रू फिरवून उघडतं. दोन देशांतल्या कारागिरांनी एकाच गरजेपोटी जवळपास एकच वस्तू घडवली. पण या यंत्रांनी दिसायचं ते फक्त पिशवीच्या तोंडापर्यंत. सुश्रुताची छत्री तोंडाबाहेर आली तरच नजरेला पडणार. आत राहिली तर बाई नुसती रक्त घालवत सुकत जाणार.

पुढची पुष्कळ शतकं मी इथे सोडून देते. गोष्ट पुन्हा हालते ती पॅरिसला. आंद्रे लेव्हरे नावाचा नामांकित प्रसूतितज्ज्ञ होता. १७४९ साली त्याने गर्भाशय, घसा आणि नाक यांतल्या पॉलिपवर पुस्तक लिहिलं. त्याची रीत दोऱ्याची. दोन बारीक नळ्यांतून दोरा ओवायचा, नळ्या योनीतून वर सरकवून देठाभोवती फास टाकायचा आणि आवळायचा. कापायचं नाही. रोज थोडं थोडं आवळत जायचं, म्हणजे रक्त न मिळाल्याने पॉलिप सडून आपोआप गळून पडेल. लंडनच्या रॉबर्ट गूचनेही १८२९ च्या आपल्या पुस्तकात दुहेरी नळीने दोरा बांधण्याचीच बाजू घेतली.

ते कापत का नव्हते? देठात धमनी असते, ती तुटली आणि रक्त थांबलं नाही तर आत बोटाशिवाय दुसरं काही पोचत नाही, ही धास्ती. दुसरी धास्ती त्याहून मोठी. बाळंतपणानंतर कधी पिशवीच आतून उलटी होऊन खाली येते, आणि नुसत्या स्पर्शाला ती पॉलिपसारखीच लागते. पॉलिप समजून पिशवीलाच फास घातल्याच्या घटना घडलेल्या आहेत. मला मात्र हे वाचताना खाटेवरची बाई दिसत राहते. पोटात कुजणारं मांस, खाली लोंबणाऱ्या नळ्या, खोलीभर वास, ताप, आणि रोज सकाळी कुणीतरी येऊन तो दोरा आणखी आवळणार. कित्येक जणी त्या सडण्यातूनच जंतू रक्तात भिनून गेल्या. पॅरिसच्या ओतेल-द्यू रुग्णालयात द्युप्युइत्राँने कात्रीने देठ सरळ कापायला सुरुवात केली, आणि रक्तस्राव लोक घाबरत होते तेवढा होत नाही असं दिसून आलं. तरी भीती जाईना. १८५० च्या सुमारास शासेन्याकने साखळीचं हत्यार काढलं. देठाभोवती साखळी घालून ती खटक्याखटक्याने ओढत जायची, म्हणजे रक्तवाहिनी चेचली जाऊन आपोआप बंद होते. रक्त सांडू नये म्हणून किती डोकी झिजली, ते या एका साखळीवरून कळतं.

हे सगळं बाहेर आलेल्या पॉलिपचं. आतल्याचं काय?

एडिंबराचा जेम्स यंग सिम्सन लोकांना क्लोरोफॉर्ममुळे माहीत असतो. १८५० साली त्याने गर्भाशयाच्या आत लपलेले पॉलिप शोधण्यावर लेख लिहिला. त्याची युक्ती स्पंजाची. दाबून दाबून सुळक्यासारखा केलेला स्पंज पिशवीच्या तोंडात सरकवून ठेवायचा. अंगातल्या ओलाव्याने तो फुगतो आणि तोंड हळूहळू रुंदावतं. मग स्पंज काढून डॉक्टरने बोट आत घालायचं आणि चाचपायचं. डोळ्याचं काम बोटाने करायचं. आत लागला तर धरून काढायचा. पण स्पंजात जंतूंना आयतं घर मिळायचं, आणि हात, हत्यारं निर्जंतुक करण्याची गोष्ट लिस्टरने अजून मांडायची होती. पुढे स्पंजाच्या जागी लॅमिनेरिया आलं. हे समुद्रातलं शेवाळ. त्याच्या वाळवलेल्या देठाची काडी तशीच फुगते. ही काडी आमच्या वेळेपर्यंत टिकून होती. बंद पाकिटात यायची, टोकाला दोरा बांधलेला. रात्री घालून ठेवली की सकाळी दुप्पट-तिप्पट जाड झालेली निघायची. किती काड्या घातल्या ते केसपेपरवर लिहायचं आणि काढताना तेवढ्याच मोजून घ्यायच्या, हा आमचा नियम होता. फ्रायबुर्गच्या आल्फ्रेड हेगरने १८७९ साली क्रमाने जाड होत जाणाऱ्या गुळगुळीत सळ्या आणल्या, आणि रात्रभराचं काम मिनिटांवर आलं. हेगरवर कोरलेला आकडा म्हणजे मिलिमीटरमधली जाडी. सहाच्या टोकानंतर सात, सातनंतर आठ. एकही टप्पा गाळायचा नाही, नाहीतर तोंड फाटतं.

आता सिम्सबद्दल. हे मला टाळता येणार नाही, कारण मी ते स्पेक्युलम हजारदा हातात धरलं आहे. जेम्स मॅरियन सिम्स अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, मॉन्टगोमेरी गावी डॉक्टर होता. १८४५ च्या सुमारास त्याने चमच्याचा दांडा वाकवून योनीची भिंत मागे ओढली आणि त्याला आतलं स्वच्छ दिसलं. आजचं दुतोंडी, वाकडं सिम्स स्पेक्युलम त्या चमच्याचाच वंशज. पण ज्या बायकांवर त्याने हे सगळं शिकून घेतलं, त्या गुलाम होत्या. बाळंतपणात मूत्राशय फाटून सतत लघवी गळणाऱ्या या तरुण मुली. त्यांतल्या तिघींची नावं त्यानेच लिहून ठेवली: अनार्का, बेट्सी, ल्यूसी. अनार्कावर तीस ऑपरेशनं झाली. भूल न देता. मालकाने होकार दिला की झालं, त्यांना कुणी विचारलं नाही. पुढे सिम्स न्यू यॉर्कला गेला, मोठा झाला. १८६६ साली निघालेल्या त्याच्या स्त्री-शस्त्रक्रियांच्या पुस्तकात पॉलिपवरही बरंच लिहिलेलं आहे. न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला त्याचा पुतळा २०१८ साली काढला. मॉन्टगोमेरीत मिशेल ब्राउडर या कलाकार बाईंनी त्या तिघींचे उंच पुतळे उभे केले, ते २०२१ साली. आपल्या नर्सिंगच्या पुस्तकांत अजून फक्त ‘सिम्स’ असतं. हत्यार चांगलं आहे, ते वापरत राहावं. पण शिकवताना ही तीन नावंही शिकवावीत असं माझं ठाम मत आहे.

ट्रेवरचा क्युरेट पॅरिसच्या रेकामिएचा. लांब दांड्याला खरवडायचा चमचा. १८४० च्या दशकात त्याने तो गर्भाशयाच्या अस्तरावर चालवला, आणि शंभरावर वर्षं स्त्रीरोगांच्या ऑपरेशन थिएटरात क्युरेटचंच राज्य होतं. आमच्याकडे बायका ‘क्युरेटिन केलं’ किंवा ‘पिशवी धुतली’ म्हणतात. रक्त जास्त जातंय, क्युरेटिन. मूल होत नाही, क्युरेटिन. पाळी गेल्यावर डाग पडला, क्युरेटिन. मी त्याला नावं ठेवणार नाही. त्याने कित्येकींचा जीव वाचवला आणि कित्येकींचा कर्करोग वेळेत सापडला. पण ते काम आंधळं आहे. दांडा डॉक्टरच्या हातात, टोक अंधारात. भिंतीवर चमचा चालतोय हे हाताला आणि कानाला कळतं. अस्तर निघून खाली स्नायू लागला की खरखर बदलते. आणि देठावर लोंबणारा मऊ पॉलिप चमच्याखालून नुसता बाजूला सरतो. १९७५ साली स्टॉक आणि कन्बूर यांनी एक साधी गोष्ट करून पाहिली. ज्यांची पिशवी काढायचीच होती अशा पन्नास बायकांचं आधी क्युरेटिंग केलं, मग पिशवी उघडून नेमका किती भाग खरवडला गेला ते बघितलं. साठ टक्के बायकांत निम्म्याहून कमी पृष्ठभागाला चमचा लागला होता. पॉलिप फोर्सेप्स म्हणून चिमटा ट्रेवर असतो तो त्यासाठीच: खरवडून झाल्यावर आत फिरवून सापडलं तर धरायचं. पण तोही आंधळाच.

आत दिवा न्यायचं स्वप्न मात्र जुनं. फ्रँकफर्टच्या फिलिप बोत्सिनीने १८०६ साली मेणबत्ती, आरसा आणि नळी जोडून शरीराच्या पोकळ्यांत उजेड न्यायचं यंत्र केलं. व्हिएन्नाच्या वैद्यक मंडळींनी ते उचलून धरलं नाही, आणि तीनच वर्षांत, पस्तिशीत, तो टायफसने गेला. पुढे पॅरिसच्या देझोर्मोने १८५३ मध्ये टर्पेंटाइन आणि अल्कोहोलच्या दिव्यावर चालणारी दुर्बीण दाखवली. ती डब्लिनच्या फ्रान्सिस क्रूझच्या हाती पडली. क्रूझ संगीताचा भोक्ता, धार्मिक ग्रंथांचा अभ्यासक, आणि हाताने कलाकार. १८६५ साली त्याने तो दिवा सुधारला. रॉकेलमध्ये कापूर विरघळवला म्हणजे ज्योत पांढरी होते हे त्याने ओळखलं, पातळ चपटी ज्योत कडेने आरशाकडे वळवली, आणि भोवती लाकडी पेटी केली, म्हणजे धरणाऱ्याचा हात भाजणार नाही.

त्याच दुर्बिणीने १८६९ साली डायोमेडे पांतालेओनी याने एका साठीच्या बाईच्या गर्भाशयात पाहिलं. तिला पाळी गेल्यानंतर रक्त जात होतं आणि कुठल्याच औषधाने थांबत नव्हतं. ‘मेडिकल प्रेस अँड सर्क्युलर’मध्ये त्याने ती हकिगत छापली. कापराच्या ज्योतीत, नळीच्या टोकाशी, गर्भाशयाच्या तळाकडच्या भागात त्याला पॉलिपसारखी वाढ दिसली. त्याने ती सिल्व्हर नायट्रेटने जाळली. जिवंत बाईच्या गर्भाशयात डोळ्याने पाहून केलेला हा पहिला नोंदलेला उपचार, आणि तो झाला तो पॉलिपवर. त्या बाईचं नाव नोंदीत नाही. डॉक्टरचं आहे, दिव्याचं आहे, औषधाचं आहे. ती किती वेळ पाय वर घेऊन पडून होती, तिला दुखलं का, पुढे बरी झाली का, हे मला त्या दुर्बिणीपेक्षाही जास्त जाणून घ्यावंसं वाटतं.

इथे आपल्या मुंबईकडे वळायला हवं, कारण नुसतं हत्यार असून भागत नाही. त्या टेबलावर बाईने यायला हवं. डब्लिनला हे चाललं होतं तेव्हा आपल्याकडची घरंदाज बाई पुरुष डॉक्टरला नाडी दाखवायलासुद्धा कचरायची, मग अंगावरचं कुठलं दाखवणार. सुईणीच्या हातापलीकडे तपासणी नव्हती. जॉर्ज किटरेज आणि सोराबजी बंगाली यांनी बायकांसाठी बायकाच डॉक्टर आणायचा निधी उभा केला, १८८३ साली डॉ. एडिथ पीची इंग्लंडहून आल्या आणि १८८६ साली कामा हॉस्पिटल सुरू झालं. बालपणीचं लग्न नाकारून कोर्टात उभ्या राहिलेल्या आपल्या रखमाबाई लंडनला शिकून १८९४ साली डॉक्टर झाल्या, काही काळ कामा हॉस्पिटलमध्ये राहिल्या आणि मग सुरतेच्या बायकांच्या इस्पितळात त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. स्पेक्युलम आधीच होतं. ते लावू देण्याचा विश्वास या बायांनी मिळवला. ट्रेवर त्यांच्या नावाचं हत्यार नाही, पण ट्रे ज्या खोलीत लागला ती खोली त्यांनी उभी केली.

पांतालेओनीनंतर दुर्बिणीला रुळायला आणखी शंभर वर्षं लागली. मूत्राशयाची दुर्बीण त्याच्या कितीतरी आधी, १८७९ साली नीत्सेने दाखवली, कारण मूत्राशय पाण्याने सहज फुगतं. गर्भाशयाच्या भिंती जाड, एकमेकींना चिकटलेल्या, आणि जरा धक्का लागला की रक्त. त्या भिंती दूर धरायला काय वापरायचं, यातच पन्नासेक वर्षं गेली. १९२५ मध्ये रुबिनने कार्बन डायऑक्साइड वायू वापरून पाहिला. १९७० साली स्वीडनमध्ये एडस्ट्रॉम आणि फर्नस्ट्रॉम यांनी घट्ट डेक्स्ट्रान वापरलं, ते रक्तात मिसळत नसल्याने चित्र स्वच्छ राहायचं. आमच्या सीनियर सिस्टर त्या डेक्स्ट्रानचं नाव काढलं की कपाळाला हात लावायच्या. चिकट इतकं की काम संपल्याबरोबर हत्यारं गरम पाण्यात टाकली नाहीत तर सांधे आणि कॉक जाम होऊन बसायचे. दरम्यान हॅरल्ड हॉपकिन्सने दुर्बिणीतली हवा आणि काच यांची अदलाबदल केली: लांब काचेच्या कांड्या आणि मधे थोडी हवा. जर्मनीच्या कार्ल श्टोर्त्सने ती बाजारात आणली, आणि चार मिलिमीटरच्या नळीतून लख्ख दिसायला लागलं. १९७६ मध्ये न्यूवर्थने मूत्रमार्गाच्या ऑपरेशनची, विजेवर कापणारी तार गर्भाशयात नेली. नव्वदीच्या दशकात इटलीतल्या बारी शहरच्या बेत्तोकीने इतकी बारीक दुर्बीण आणली की स्पेक्युलम, व्हल्सेलम, भूल, यातलं काहीही न लावता ओपीडीत आत जाता येतं.

तारेच्या ऑपरेशनात आमचं काम पाण्याचा हिशेब. दीड टक्क्याचं ग्लायसीन तीन लिटरच्या पिशव्यांतून आत सोडलेलं. मी भिंतीवर कागद चिकटवायचे: आत किती गेलं, बाहेर किती आलं. फरक हजार मिलिलिटरकडे सरकला की आवाज द्यायचा, कारण तेवढं पाणी बाईच्या रक्तात मुरलेलं असतं, सोडियम उतरतं, मेंदूला सूज येऊ शकते. कुणी कितीही मोठे सर्जन असोत, तो आकडा बोलला की हात थांबला पाहिजे. आता सलाइनवर चालणारी तार आल्याने ही मर्यादा अडीच हजारांवर गेली आहे, तरी कागद लागतोच.

दुर्बिणीतून पहिल्यांदा पडद्यावर पॉलिप बघितला तो अशा बाईचा, जिचं दोन ठिकाणी क्युरेटिंग झालं होतं आणि रक्त थांबलं नव्हतं. पाणी आत शिरलं, भिंती दूर झाल्या. वरच्या दोन कोपऱ्यांत बीजनलिकांची तोंडं दिसली. उजव्या कोपऱ्याजवळून एक फिकट गुलाबी कोंब लोंबत होता, अंगावर बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं, पाण्याच्या धारेबरोबर हलणारा. बाकी सगळं अस्तर स्वच्छ. दोन्ही वेळा चमचा त्याला चुकवून गेला होता. सरांनी दीड मिलिमीटरहून जरा जाड कात्री नळीतून पुढे सरकवली, देठ तळाशी कापला, चिमट्याने धरून दुर्बिणीबरोबरच बाहेर काढला. माझ्या तळहातावरच्या गॉजवर तो पडला तेव्हा पडद्यावर दिसला होता त्याच्या मानाने अगदीच लहान होता. संध्याकाळी बाई घरी गेली.

सोनोग्राफीचं थोडक्यात सांगते. ग्लासगोच्या इयन डोनाल्डने धातूतल्या भेगा शोधायचं यंत्र माणसाच्या पोटावर ठेवून पाहिलं आणि १९५८ साली लेख छापला. आतून करायची सोनोग्राफी आल्यावर अस्तरातला पॉलिप घरबसल्या म्हणावा इतका सहज कळू लागला, विशेषतः पाळी संपल्यावर लगेचच्या दिवसांत, जेव्हा अस्तर पातळ असतं. पिशवीत थोडं सलाइन सोडलं तर आणखी स्पष्ट. याच यंत्राने आपल्या राज्यात मुली पोटातच ओळखल्या आणि मारल्या गेल्या, हेही त्याच इतिहासात लिहिलेलं आहे.

एवढं सगळं हाताशी असताना बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं काय झालं ते आठवा. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली. एक दिवस काम बुडलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापून जातात. पाळीत, रक्त जात असताना, पांढरं जात असताना, पाण्याची सोय नसलेल्या पालात राहून मोळ्या वाहायच्या. या बायका डॉक्टरकडे गेल्या की ‘पिशवी खराब झालीय, काढून टाका’ हे ऐकून परत यायच्या, पुष्कळदा तिशी-पस्तिशीत. २०१९ साली राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची माहिती घेतली गेली आणि त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. यातल्या सगळ्यांना पॉलिप होता असं मी म्हणत नाही. कुणाला साधा जंतुसंसर्ग असेल, कुणाला खरोखर ऑपरेशनची गरज असेल. पण अंगावरून जाण्याचं कारण आधी नीट शोधावं लागतं, आणि ते शोधण्यासाठीच लेव्हरेपासून बेत्तोकीपर्यंतची ही सगळी खटपट झाली. त्या बायकांच्या वाट्याला त्यातलं काय आलं? ऐन तिशीत पिशवी गेली, बरोबर बीजकोशही काढले असतील तर हाडं ठिसूळ, अंगाची आग, आणि उचल फेडायला पुन्हा कोयता.

त्यानंतर बीडमध्ये पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायचा नियम आला. २०२२ मध्ये केंद्राने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. हे चांगलं झालं. आता परवानगी देणाऱ्याने दोन गोष्टी विचाराव्यात: दुर्बिणीने आत पाहिलं का, आणि जे काढलं त्याचा तपासणीचा रिपोर्ट कुठे आहे. हे विचारायचं तर उपजिल्हा रुग्णालयापर्यंत दुर्बीण पोचायला हवी, ती चालवणारा डॉक्टर हवा आणि ती सांभाळणारी सिस्टर. बारीक दुर्बीण तीन मिलिमीटरचीसुद्धा नसते. इतर हत्यारांबरोबर टाकली की आतली काच तडकते आणि मग पडद्यावर धुकं दिसतं. तिला वेगळा डबा लागतो. नळीतून ब्रश फिरवायचा, पाण्याने धुवायची, सिडेक्स या जंतुनाशकात बुडवून घड्याळ लावायचं, वापरायच्या आधी निर्जंतुक पाण्यातून काढायची. हे शिकवायला एक दिवस पुरतो. मला बोलावलं तर मी येईन.